लोखंड आणि निर्मळ पाणी



पाण्याचा प्रश्न इंदूरकरांना नवा नाही. पॅट्रिक गेडिस यांनी १९१८ साली होळकर दरबारास सादर केलेल्या नगररचनेच्या अहवालात येथील नद्यांचा विचार नगराच्या आरोग्याशी जोडूनच केला होता. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी शहरात आले आणि तहानेची चिंता पुष्कळ हलकी झाली. परंतु कारखान्यांच्या युगाने निराळाच प्रश्न उभा केला. पाणी उकळले की जंतू मरतात. शिसे, क्रोमियम, आर्सेनिक मात्र तसेच राहतात.

यावरील एक उपाय आपल्या नित्य परिचयाच्या लोखंडात आहे. १८८० च्या दशकात अँटवर्प शहराचे पाणी लोखंडाच्या साहाय्याने शुद्ध केले जाई. पुढे १९९६ साली अमेरिकेतील एलिझाबेथ सिटी येथे दूषित भूजलाच्या वाटेवर लोखंडाच्या चुऱ्याची सुमारे ४६ मीटर लांबीची भिंत जमिनीत पुरण्यात आली. षट्संयुजी क्रोमियम विषारी असून पाण्यात सहज विरघळते. लोखंड त्यास इलेक्ट्रॉन देऊन त्रिसंयुजी बनवते आणि मग ते बहुतांशी अविद्राव्य होऊन खाली बसते.

चुरा जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग अधिक. म्हणून १९९७ मध्ये लीहाय विद्यापीठातील संशोधकांनी नॅनोमीटरच्या मापाचे लोहकण तयार केले. परंतु असे कण एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे होतात. ऑबर्न विद्यापीठात २००५ मध्ये पॅलेडियमयुक्त लोहकणांभोवती स्टार्चचे, म्हणजे आपण कपड्यांना देतो त्या खळीच्या जातीचे, आवरण देऊन त्यांना सुटे राखण्यात आले. २००७ मध्ये तेथेच सेल्युलोजपासून केलेल्या पदार्थाने स्थिर केलेले लोहकण पाण्यातील व मातीतील क्रोमियमवर वापरून पाहण्यात आले.

या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. लोखंड धातूचे विष बांधून ठेवते. धातू नाहीसा करीत नाही. त्या गाळाचे पुढे काय, हा प्रश्न उरतोच. २०२५ साली भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील सुमारे ३३७ टन कचरा आपल्या शेजारच्या पीथमपूर येथे जाळण्यात आला. मागे राख उरली आणि ती कोठे पुरावी, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. रसायनशास्त्र पदार्थाचे रूप पालटू शकते, त्याचा हिशेब मिटवू शकत नाही. म्हणून शुद्धीकरणाचा आरंभ प्रयोगशाळेत नव्हे, कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशी व्हावयास हवा. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या भावी अभियंत्यांनी कोणतीही योजना हाती घेताना प्रथम एवढेच विचारावे: काढलेले विष आपण कोणाच्या अंगणात ठेवणार आहोत?