पदर

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचे लिहा, अशी चिटणीसबाईंनी गळ घातली. गडकोट आणि लढाया मला झेपणाऱ्या नाहीत. म्हणून खांद्यावरच्या पदराचाच इतिहास घेतला.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. तेव्हापासून कोशकार पदराचे अर्थ गोळा करीत आले आहेत. मुळात तो वस्त्राचा शेवट. इरकली लुगड्यात तर पदराचे ताणे वेगळे, लाल रेशमाचे, आणि अंगाच्या ताण्यांना ते फाशांनी जोडलेले असतात. पण शब्द वस्त्रापाशी थांबला नाही. पोळीला पदर सुटतात, मोहनमाळ तीनपदरी होते, दोन घराण्यांचा पदर लागतो आणि आता रस्तेही चौपदरी झाले.

‘पदरी’ हे रूप मला फार मोलाचे वाटते. घरी, दारी, तशीच ही जुनी सप्तमी. आज आपण ‘पदरात’ म्हणतो, परंतु दोहोंचा अर्थ एक राहिला नाही. ओटी पदरात घेतात; माणूस पदरी असतो. शहाजीराजे आधी निजामशाहीच्या पदरी होते, १६३६ नंतर आदिलशाहीच्या. आता सुलतान काही लुगडे नेसत नव्हता! पण पदर शेल्याला आणि उपरण्यालाही असतो, हे आपण बायका विसरतो. आश्रय देणारा तो पदराचा धनी, मग तो पुरुष का असेना.

बायकांच्या वाट्याला मात्र त्याच सप्तमीतून निराळेच आले. माझ्या आत्याचे लग्न बिजवराशी लागले, तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘पदरी पडले, पवित्र झाले’ म्हणून तिची समजूत घातली. या वाक्यात कर्ता कोण, हे पाहावे. जे पडले ते कर्ता. बाई नुसती पडण्याची जागा! पुढे तिशीच्या आत, दोन मुली पदरी असताना, ती विधवा झाली. मग तिने पदर खोचला आणि खानावळ घातली. इथे मात्र आत्या कर्ता आणि पदर कर्म.

‘पदर पसरणे’ यातही बाईच कर्ता असते, पण त्या कर्तेपणात काय सुख? आत्याने पदर एकदाच पसरला, थोरलीच्या मॅट्रिकच्या फीसाठी, सख्ख्या भावापुढे. भावाने नाही म्हटले. तो भाऊ म्हणजे माझे वडील. मी दाराआड उभी होते.

‘पदरमोड’ म्हणजे काय, ते मला त्या रात्री कळले. ज्यांच्या लुगड्याला खिसा नव्हता, त्यांची पेढी पदराच्या टोकाला असे. जे पदरचे, ते आपले स्वतःचे. घरखर्चातून राखलेले आईचे सगळे पैसे त्या गाठीत होते. गाठ इतकी जुनी की हाताने सुटेना. आईने ती दातांनी सोडली. नोटांच्या पार सुरळ्या झाल्या होत्या. आत्याने त्या मांडीवर एकेक करून सपाट केल्या आणि चोळीत ठेवल्या. दोघी काही बोलल्या नाहीत.

मुलगी मॅट्रिक झाली, पुढे शिक्षिका झाली. वडिलांना तिचे कौतुक फार; ही पदरमोड मात्र त्यांना शेवटपर्यंत कळली नाही.