प्रूफ नाणें आणि चलनी नाणें

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं देव्हाऱ्यांतील राणीछाप रुपया चिंचेनें वा रांगोळीनें घांसून लख्ख करावा, ही चाल महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. पूजेच्या दृष्टीनें त्यांत कांहीं उणें नाहीं. मात्र असा चकाकणारा रुपया पुढें करून तो ‘प्रूफ’ आहे असें कोणी सांगूं लागला व त्याची अनेक पट किंमत मागूं लागला, म्हणजे घेणाऱ्यानें थोडें थांबलें पाहिजे.

प्रूफ हा शब्द नाण्याची अवस्था दाखवीत नाहीं. तें पाडण्याची रीत दाखवितो. ठसा निर्दोष उतरला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, तसेंच भेटीसाठीं वा संग्रहासाठीं, टांकसाळींत कांहीं नग निराळ्या काळजीनें पाडीत. ठशाचा सपाट भाग आरशासारखा घोटावयाचा, धातूची चकतीही घोटावयाची, आणि अधिक दाबानें बहुधा दोनदां छाप मारावयाचा. चलनी नाण्याच्या वांट्यास हा लाड येत नाहीं. तें एका दाबांत पडतें, ढिगांत कोसळतें आणि थैलींत भरलें जातें.

बर्मिंगहॅमनजीक सोहो येथें मॅथ्यू बोल्टन यानें ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याकरितां १७९१ सालचीं तांब्याचीं नाणीं वाफेच्या यंत्रावर पाडलीं. त्यांवर तराजू असून फारशी लिपींत ‘अदल’, म्हणजे न्याय, असें आहे. यांतील कांहीं प्रूफ नगांवर सोन्याचा मुलामा आहे. बाजारांत भाजी घेण्याच्या पैशास मुलामा कोण देईल? तेथें ओळख सोपी आहे. चांदीच्या रुपयाची गोष्ट अवघड. १८३५ च्या कायद्यानें रुपयाचें वजन १८० ग्रेन व त्यांतील शुद्ध चांदी १६५ ग्रेन ठरली. हेंच प्रमाण प्रूफ रुपयाचेंही असल्यामुळें तराजू येथें मुका राहतो.

मग भिंग घ्यावें. घांसलेल्या रुपयावर केसासारखे बारीक ओरखडे एका दिशेनें धांवतात, राणीच्या केशरचनेचे उंचवटे बोथट होतात, आणि अक्षरांच्या पोटांतील बंदिस्त जागा मळकटच राहते. प्रूफ नाण्यांत आरसा त्या चिमुकल्या जागेंतही पोहोंचलेला असतो. कडा व अक्षरें कापल्यासारखीं सरळ उभीं असतात. नव्या ठशावरून पडलेले पहिले चलनी रुपयेही झळकतात, आणि येथें जाणतेही फसतात. परंतु त्यांच्या कडेस तसा धारदारपणा क्वचितच आढळतो.

याहून मोठा घोटाळा टांकसाळींनींच करून ठेवला आहे. मुंबई व कलकत्ता येथें संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या सालांचीं नाणीं पुन्हां पाडून दिलीं जात, आणि हा प्रकार विसाव्या शतकांतही बराच काळ चालला. सिंह व ताडवृक्ष असलेल्या १८३५ सालच्या दोन मोहरांच्या नाण्याचींही अशीं पुनर्मुद्रणें आहेत. दिसण्यांत तीं प्रूफच. पण साल एक आणि जन्म दुसरा. ठसा मध्यंतरीं गंजला असल्यास त्याच्या खळग्यांच्या बारीक पुटकुळ्या सपाट भागावर उमटतात, आणि ठसा फिरून घोटला असल्यास नाजूक रेषा पुसट होतात.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांचा प्रूफ संच १९५० सालींच निघाला. पुढील काळांत मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर इंग्रजी ‘बी’ व शहराचें नांव बदलल्यावर ‘एम’ हें अक्षर आलें. तेथील चलनी नाण्यावर हिऱ्याची खूण असे. तेथें अक्षर वाचलें कीं बरेंचसें काम होतें. राणीच्या रुपयावर तशी सोय नाहीं.