पायडलाशेजारची मोटर : सायकलीच्या विद्युत्-रूपांतराचा इतिहास

सायकलीला यंत्रशक्ती जोडण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आजवर बहुधा मोटारसायकलीच्या इतिहासाची प्रस्तावना म्हणून लिहिला गेला आहे. सायकल ही अपूर्ण अवस्था आणि मोटारसायकल ही तिची परिणती, असा एक क्रम त्यामागे गृहीत धरलेला असतो. साध्या सायकलीच्या क्रँकपाशी विजेची मोटर बसविण्याचे जे संच गेल्या दीड दशकात जगभर पसरले, त्यांनी हा क्रम संशयास्पद ठरविला. मोटर बसूनही वाहन सायकलच राहते, असा या रूपांतराचा दावा आहे. तो कितपत खरा मानावयाचा, हे मोटरच्या सामर्थ्यापेक्षाही तिच्या जागेवर आणि तिची शक्ती कोणत्या वाटेने चाकापर्यंत पोचते यावर अवलंबून असते.

ही जागा तीन ठिकाणी असू शकते. मोटर पुढच्या चाकाला जोडावी, मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे दुकानदार ज्याला हब म्हणतात त्यात, बसवावी, किंवा पायडलांचा आस सांगाड्याच्या ज्या आडव्या नळीतून जातो तेथे ठेवावी. पहिल्या दोन प्रकारांत माणसाचे पाय आणि मोटर यांचे मार्ग वेगळे राहतात. तिसऱ्यात दोघांनाही एकाच साखळीवरून जावे लागते.

विजेवर चालणाऱ्या अशा वाहनाचा आरंभच एका रूपांतराने झाला. १८८१ साली गुस्ताव्ह त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर जी तीनचाकी चालवून दाखविली, ती मुळात पायाने चालविण्याची इंग्रजी बनावटीची गाडी होती. त्याने तिला मोटर आणि संचायक घट जोडले एवढेच. पुढे १८८५ ची स्टार्लीची ‘रोव्हर’ आणि १८८८ ची डनलॉपची हवेची धाव यांनी सायकलीला तिचे स्थिर रूप दिले आणि तिसऱ्या जागेचा प्रश्न खऱ्या अर्थाने उत्पन्न झाला. कारण मागच्या चाकाला साखळीने गती देणारा मध्यवर्ती क्रँक या सायकलीतच सार्वत्रिक झाला.

अमेरिकेतील एकस्वांच्या दप्तरात या प्रश्नाची दोन उत्तरे थोड्याच अंतराने नोंदलेली आढळतात. ओहायो राज्यातील कँटन येथील ऑग्डेन बोल्टन याला १८९५ च्या डिसेंबरअखेर मिळालेल्या एकस्वात मोटर मागच्या चाकाच्या तुंब्यात आहे आणि बॅटरी सांगाड्याच्या आडव्या दांड्याखाली टांगलेली आहे. १८९७ साली बॉस्टनच्या होझिआ लिबी याला मिळालेल्या एकस्वात मोटर क्रँकच्या आसाभोवती आली. आज ज्याला मध्यवर्ती मोटर म्हणतात, तिचे हे पहिले स्पष्ट रेखाटन होय. कल्पना सव्वाशे वर्षांपूर्वीची असताना तिचे चलन एकविसाव्या शतकापर्यंत का लांबले, हाच येथे विचारात घेण्याचा मुद्दा आहे.

बॅटरीचे वजन हे याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे आणि ते खोटे नाही. बोल्टनची मोटर १० व्होल्टवर १०० अँपिअरपर्यंत प्रवाह घेईल, अशी योजना होती; म्हणजे पूर्ण भारावर सुमारे एक किलोवॅट. आजच्या प्रतीच्या शिशाच्या घटांतही किलोमागे तीस-पस्तीस वॅट-तासांहून फारसे अधिक साठत नाही. तेव्हा एक तासाच्या प्रवासाला सायकलीएवढे किंवा तिच्याहून अधिक वजन केवळ बॅटरीचे झाले असते. परंतु या कारणाने बोल्टन आणि लिबी दोघेही सारखेच अडले. लिबीची जागा अधिक चांगली असूनही त्या चांगुलपणाचा उपयोग का झाला नाही, याचे उत्तर बॅटरीत मिळत नाही. ते मागच्या चाकाच्या दंतचक्रात शोधावे लागते.

येथे थोडे गणित आवश्यक आहे. स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन शेकडा सहा चढणीवर ताशी १२ किलोमीटर वेगाने न्यावयाचे, तर सुमारे २२० वॅट शक्ती चाकापाशी लागते. सामान्य माणूस बराच वेळ टिकवू शकेल अशी शक्ती ७५ ते १०० वॅट असते. उरलेली मोटरने द्यावयाची. सपाटीवर ताशी २५ किलोमीटर वेगासाठी तुंब्यातील मोटर मिनिटाला सुमारे १९० फेरे घेते. चढणीवर तिला ९० फेऱ्यांवर सर्वाधिक ओढ द्यावी लागते. आणि निर्धारित गतीच्या निम्म्याखाली फिरणारी मोटर घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवते. मोटर क्रँकपाशी असेल, तर स्वार मागचे मोठे दंतचक्र निवडतो, चाक हळू फिरते, पण क्रँक आणि मोटर आपल्या सोयीच्या गतीने फिरत राहतात. मात्र निवडण्यास दुसरे दंतचक्र असले पाहिजे. लिबीच्या काळच्या सायकलीला ते नव्हते. क्रँकपाशी मोटर बसविण्याचा लाभ मोटरचा नसून गिअरचा आहे, ही गोष्ट या सर्व इतिहासाची किल्ली आहे.

पेट्रोलच्या एंजिनांनी मधली पन्नास वर्षे व्यापली. पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या मिशेल व यूजेन या वेर्नेर बंधूंनी १८९७ साली पुढच्या चाकावर एंजिन बसविले. भार उंचावर असल्याने गाडी घसरे आणि पडली की पेटण्याची भीती असे. १९०१ साली त्यांनी एंजिन खाली, क्रँकच्या जागी आणले आणि मोटारसायकलीचा सांगाडा कायमचा ठरला. या घटनेकडे मध्यवर्ती मोटरची पूर्वपीठिका म्हणून पाहण्याचा मोह होतो. पण तो आवरावा. वेर्नेरांनी जागा बदलली ती तोल साधण्यासाठी. त्यांच्या एंजिनाची शक्ती स्वतंत्र पट्ट्याने मागच्या चाकाकडे जाई. पायडलाच्या साखळीशी तिचा संबंध नव्हता.

तो संबंध खऱ्या अर्थाने जोडला इटलीतील ‘कुच्चोलो’ने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी तूरिनमध्ये आल्दो फारिनेल्ली याच्या कल्पनेतून सियाता या संस्थेने ४८ घन सेंटिमीटरचे एक चिमुकले चार-फेरी एंजिन तयार केले. त्याच्या आवाजावरून त्याला ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचे पिल्लू, हे लाडके नाव पडले. बोलोन्याच्या दुकाती कंपनीने १९४६ पासून ते बनविण्यास घेतले. ही कंपनी मूळची रेडिओचे भाग करणारी. तिचा कारखाना १९४४ च्या बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला होता. युद्धोत्तर इटलीत मोटारगाडी दुर्लभ, पेट्रोल महाग, आणि घरोघर सायकल मात्र होती. कुच्चोलो त्या घरच्या सायकलीसाठीच होते. क्रँकच्या नळीपाशी ते बसवावयाचे, त्याची शक्ती सायकलीच्याच साखळीवरून चाकाकडे जावयाची, आणि त्याच्या पोटात दोन गिअर असल्याने चढणीवर त्याची दमछाक होत नसे. गिअर बदलण्यासाठीदेखील पायडलाच्या स्थितीचा उपयोग करून घेतलेला होता. विजेच्या ऐवजी पेट्रोल एवढा फरक सोडला, तर आजच्या रूपांतर-संचाचे सर्व तत्त्व येथे आहे. हे एंजिन मोटारसायकलीच्या इतिहासात दुकातीचे बालपण म्हणून नोंदले जाते. सायकलीच्या इतिहासात त्याला याहून मोठे स्थान मिळावयास हवे.

समकालीन इतर प्रयत्न निराळ्या वाटेने गेले. फ्रान्सच्या १९४६ च्या ‘व्हेलोसोलेक्स’ने पुढच्या चाकाच्या धावेवर रूळ दाबून गती दिली. जपानमध्ये हामामात्सु येथे सोइचिरो होंडा याने १९४६ साली लष्कराच्या बिनतारी यंत्रांसाठी बनविलेली जुनी एंजिने सायकलींना जोडून विकली. या सर्वांचा पुढील प्रवास बहुतांशी सारखाच झाला. एंजिन वाढत गेले, सांगाडा जाड झाला आणि पायडले निरुपयोगी झाली. होंडाने १९५८ साली ‘सुपर कब’ बाजारात आणली, तेव्हा तिला पायडले नव्हतीच. जेथे ती राहिली, तेथे बहुधा कायद्याच्या आग्रहामुळे. महाराष्ट्रातील वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. १९७२ साली कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेल्या ल्यूनेला पायडले होती. ती एंजिन सुरू करण्यापुरती आणि क्वचित पेट्रोल संपल्यावर घर गाठण्यापुरती वापरली जात. मराठीत सायकलीला एके काळी ‘पायगाडी’ म्हणत. ल्यूनेला ते नाव देण्याचे कोणाच्या मनातही आले नसते.

दरम्यान सायकलीने स्वतःचे गिअर मिळविले. तुंब्यातील तीन-गिअरी यंत्रणा विसाव्या शतकाच्या आरंभीच इंग्लंडमध्ये रुळली होती. साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणाऱ्या यंत्रणेला ‘तूर द फ्रान्स’ या शर्यतीत १९३७ साली मुभा मिळाली. आणि १९८० नंतरच्या दशकात ठरावीक खटक्यांनी गिअर बदलणारी साधने व डोंगरी सायकली आल्यावर ही सोय सामान्य स्वाराच्या हाती पडली. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. लिबीच्या कल्पनेला लागणारी दोन्ही अंगे अशा रीतीने सिद्ध झाली. तिसरे अंग तिच्यात मुळीच नव्हते आणि ते जपानमधून आले.

१९९३ साली यामाहा कंपनीने ‘पास’ नावाची सायकल मर्यादित प्रदेशात विकून पाहिली. बॅटरी अद्याप शिशाचीच होती, मोटर २३५ वॅटची होती. नवीनता होती ती क्रँकवर पडणारा पायाचा जोर मोजणाऱ्या संवेदकात. स्वार जितका जोर लावील, तितकाच मोटरने द्यावयाचा. ताशी १५ किलोमीटरच्या पुढे साहाय्य कमी होत जावे आणि २४ ला संपावे. पाय थांबले की मोटर थांबे. ही रचना कायद्याच्या पेचातून निघाली होती. आपल्या शक्तीने चालणारी मोटर बसविली असती, तर जपानी नियमांप्रमाणे ती हलकी मोटारसायकल ठरून परवाना आवश्यक झाला असता. मोटर पायाच्या मागोमाग चालणारी केल्यामुळे वाहन सायकलीच्या वर्गात राहिले. पायडल ही ल्यूनेच्या काळी केवळ औपचारिकता होती. येथे तीच यंत्रणेची आज्ञा झाली. २००८ च्या अखेरीस जपानने ताशी १० किलोमीटरपर्यंत साहाय्याचे प्रमाण पायाच्या जोराच्या दुप्पट करू दिले, पण तत्त्व सोडले नाही.

युरोपने २००२ च्या निर्देशात २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर ही मर्यादा घालून पायडल मारण्याची अट कायम ठेवली. त्याच वर्षी अमेरिकेने ७५० वॅट आणि ताशी सुमारे ३२ किलोमीटर एवढी मोकळीक दिली व पायडल मारण्याचा आग्रह धरला नाही. चीनच्या १९९९ च्या मानकात ताशी २० किलोमीटरची मर्यादा होती. तेथील रस्त्यांवर मात्र तुंब्यातील मोटरच्या, नावापुरती पायडले असलेल्या गाड्यांचा महापूर आला. कुच्चोलोनंतरचा जुना प्रवास तेथे विजेवर पुन्हा घडला, असे म्हणण्यास हरकत नाही.

क्रँकपाशी बसणारे रूपांतर-संच या भिन्न परंपरांच्या सांध्यावर उभे आहेत. २००३ साली सूचौ येथे स्थापन झालेल्या बाफांग कंपनीचे संच २०१० नंतरच्या दशकात विशेष पसरले. बसविण्याची रीत सोपी आहे. दोन्ही क्रँक आणि नळीतील जुना आस व वाट्या काढावयाच्या, मोटरची आसनळी उजवीकडून आत सरकवावयाची, डावीकडे नटाने घट्ट आवळावयाची, आणि क्रँक पुन्हा चढवावयाचे. मोटरच्या आतील दाते तिची गती उतरवतात. एकमार्गी पकडीमुळे वीज बंद असताना पायांना मोटर ओढावी लागत नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी ३६० वॅट-तास देते आणि अडीच किलोच्या आसपास भरते. याची किंमत साखळी आणि दंतचक्रे मोजतात, कारण माणसाच्या जोराला घडविलेल्या या भागांवर आता दुहेरी ताण पडतो. गिअर बदलताना मोटर क्षणभर न थांबविल्यास साखळी तुटण्याची वेळ येते.

पण खरा प्रश्न संवेदकाचा आहे. या संचांतील पुष्कळांत पायाचा जोर मोजला जात नाही, क्रँक फिरतो आहे की नाही एवढेच पाहिले जाते. सोबत हाताने वेग वाढविण्याची कळही मिळते. म्हणजे लिबीची जागा घेतली, यामाहाचा करार मात्र सोडला. तोंगशेंग कंपनीच्या संचासारखे जोर मोजणारे संच आहेत. ते त्या कराराच्या अधिक जवळ जातात. ७५० आणि १००० वॅटचे संचही त्याच नळीत बसतात. बाहेरून पाहता २५० वॅटच्या सायकलीत आणि तिच्यात फारसा फरक दिसत नाही, आणि कायदा फरक करू पाहतो तो नेमका तेथेच.

भारताच्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अर्ध्या तासाची शक्ती ०.२५ किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरहून कमी असलेल्या, बॅटरीखेरीज ६० किलोंच्या आतील वाहनाला मोटार वाहनांतून वगळले आहे. पायडलाला साहाय्य करणाऱ्या सायकलीचा उल्लेख तेथे स्वतंत्रपणे येतो. मात्र ही सूट नियमांत नेमलेल्या चाचणी-संस्थेच्या पडताळणीवर अवलंबून आहे. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही त्यांपैकी एक. नियमाचा रोख उत्पादकाच्या नमुन्याकडे आहे. घरी किंवा गल्लीतल्या दुकानात रूपांतरित झालेली एकटी सायकल त्याच्या नजरेत नीट बसत नाही.

यंत्राच्या दृष्टीनेही भारतीय परिस्थिती वेगळी आहे. येथील दूधवाल्याची आणि कामगाराची काळी सायकल एका गिअरची. तिच्या दंतचक्रांना ४४ व १८ दाते धरले, तर वर सांगितलेल्या चढणीवर क्रँक मिनिटाला चाळिसाहूनही कमी फेरे घेतो आणि मध्यवर्ती मोटर लिबीच्याच अडचणीत सापडते. शिवाय कॉटर पिनीने गच्च बसलेला जुना क्रँक काढणे हेच अर्ध्या दिवसाचे काम होते; आणि ब्रेक दाबताच मोटर तोडणारी कळ तिच्या सळईच्या ब्रेकला बसविणे अवघड जाते. अशा सायकलीला कारागीर मागच्या तुंब्यातील मोटर सुचवितो, ते केवळ ती स्वस्त म्हणून नव्हे. क्रँकपाशी मोटर बसविण्यासाठी त्याच्याकडे येतात त्या बहुधा गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शहरांत आलेल्या गिअरच्या सायकली.