गाव कंचं? आळी कंची?

नोकरीच्या दारात पहिला सवाल कामाचा नसतो. हे आपल्या बापजाद्यांना शाळेत न जाताच कळलं होतं. जॉबर विचारायचा, "गाव कंचं? आळी कंची?" त्याला गाव नको होतं. त्याला जात हुडकायची होती.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास बघा. साचेखात्यात पगार जादा, पण अस्पृश्य कामगाराला तिथं मज्जाव. त्याच्या वाट्याला रिंग खातं. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की विणकर धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यायचा. म्हणजे अडचण हाताच्या कसबाची नव्हती, थुंकीच्या विटाळाची होती! 1928 साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. तेव्हा बाबासाहेबांनी युनियनच्या पुढाऱ्यांनाच विचारलं, आमच्या माणसाला साचेखातं कधी उघडणार? पुढाऱ्यांनी मागणी मांडली, पण नाखुशीनं. मालकांनी तर हातच झटकले. अन्याय असला तरी त्याला जबाबदार आम्ही नाही, म्हणाले.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं बाबासाहेबांनी पोर्टरचा दाखला दिला. पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम पडतं, म्हणून अस्पृश्याला पोर्टर करत नाहीत. तो गँगमनच राहतो.

1950 साली घटना आली. तिच्या 16 व्या कलमानं सरकारी नोकरीत जात, धर्म, लिंग, कूळ, जन्मस्थान यांवरून भेद करायला बंदी घातली. खाजगी मालक मात्र त्या कलमाबाहेर राहिला. 2007 साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या अभ्यासकांचा लेख छापून आला. त्यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांना गाठलं होतं. हे साहेब तोंडानं गुणवत्तेचा जप करत होते आणि मुलाखतीत घरची पार्श्वभूमी विचारत होते. जॉबर गेला, सवाल राहिला. फक्त त्यानं टाय बांधला.

कुणी म्हणेल, राखीव जागेच्या अर्जावर जात तुम्हीच लिहिता ना? लिहितो. ती बंद दार उघडायला. मुलाखतीत ती विचारतात दार लावायला. दोन्हींत फरक आहे, तो ठणकावून सांगा.

साचा चालवता येतो का? तुटला धागा सांधता येतो का? एवढं विचारा. बाप काय करायचा हे साच्याला कळत नाही, आणि त्याचं काही अडतही नाही.

उद्या आपल्यातलाच कुणी त्या खुर्चीवर बसेल. त्यानंही ही रेघ ओलांडू नये.