जालन्याचे बियाणेवाले बारवाले
जुलै २०१७ मध्ये जालन्याचे बद्रीनारायण बारवाले गेले. ते प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ नव्हते, पण पीकशास्त्रज्ञांना असा सहकारी क्वचितच लाभतो. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने केवडा रोगाला सहसा बळी न पडणारी 'पुसा सावनी' भेंडी तयार केली होती. तिचे बी बारवाल्यांनी आपल्या शेतावर वाढवले आणि १९६४ साली 'महिको' काढली. (पुढे ही भेंडीही केवड्यापुढे टिकेना, ते वेगळे.)

मग संकरित बियाणे आले. भेंडीचे फूल सकाळी उमलते आणि त्याच दिवशी कोमेजते. म्हणून आदल्या संध्याकाळी कळीतले पुंकेसर काढायचे आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावायचे. एकेका फुलाचे हे काम मजूर स्त्रियांची बोटे करतात. बारवाल्यांना १९९८ साली मिळालेल्या जागतिक अन्न पुरस्कारात आमच्या मते त्यांचाही वाटा आहे.

संकरित पिकाचे बी पुन्हा पेरले, तर मेंडेलने दाखवल्याप्रमाणे गुण विखुरतात. शेतकऱ्याला दर वर्षी नवे बी विकत घ्यावे लागते. उत्पादन वाढले, तसे हे परावलंबनही वाढले. बारवाल्यांविषयी कितीही आदर असला तरी हा हिशेब आम्हाला टाळता येत नाही. मेंडेलचा वाटाणा शिकवताना शिक्षकांनी भेंडीची एक कळीही वर्गात उकलून दाखवावी.