खडीची खाण आणि गावकुसाबाहेरची वस्ती

गावाजवळ खडीची खाण निघणार असे कळले, की वस्तीतील माणसे निवेदन घेऊन तहसील कचेरीत जातात. सुरुंगाने भिंतींना तडे जातील, विहिरी आटतील, धूळ उभ्या जोंधळ्यावर बसेल, अशी त्यांची तक्रार असते. वर्तमानपत्रे तिला 'स्थानिकांचा विरोध' म्हणतात आणि विषय तेथेच संपवतात. परंतु खाण नेमकी याच माणसांच्या दाराशी का येते, हा प्रश्न इतिहासाचा आहे.

गावगाड्याने अस्पृश्यांना गावकुसाबाहेर ठेवले. काळी जमीन गावाची; बाहेर खडक, मुरूम, गायरान आणि ढोरे फाडण्याची जागा. महारवतनाने ही माणसे त्या व्यवस्थेला जखडून ठेवली. ते जोखड मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. वतन गेले, वस्ती तेथेच राहिली. जेथे कोणाला राहावेसे वाटले नाही, तोच माळ रस्ते आणि धरणांच्या काळात मोलाचा ठरला.

१९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २२ वाचावे. गुरचरण, खळे, बाजार यांच्याबरोबर कातडी सोलण्यासाठीही जमीन राखून ठेवण्याची तरतूद त्यात आहे. कलम ४८ खनिजांवरील हक्क शासनाकडे देते. म्हणजे माळ गावाच्या नावे, पोटातला दगड सरकारचा, आणि त्या माळावर घाम गाळणारा भूमिहीन मात्र अतिक्रमक!

हा शिक्का पुसण्यासाठीच दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्या लढ्याची परिणती म्हणून पुढे काही अतिक्रमणे नियमित झाली. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. परंतु ज्यांच्याजवळ कागद नव्हता, ते बाहेरच राहिले. सातबाऱ्यावर ज्याचे नाव नाही, त्याची हरकत कोण नोंदवून घेणार?

खडी, मुरूम, वाळू ही गौण खनिजे. १९५७ च्या केंद्रीय कायद्याच्या कलम १५ ने त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. 'गौण' या शब्दाखाली या खाणी दीर्घकाळ कडक छाननीतून निसटल्या. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्यापूर्वी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केली. हे कवच अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या दलित वस्तीला नाही. तेथे ग्रामसभा भरते ती गावाची, आणि त्या गावात बहुमत कोणाचे असते हे आपणांस सांगावयास नको.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. खाणीत दगड फोडणारा वडार हाही याच व्यवस्थेचा बळी आहे. त्याच्या जमातीवरील जन्मजात गुन्हेगारीचा कायदेशीर कलंक १९५२ साली पुसला गेला. हातातला घण सुटला नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आज्यांनीही रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडली. पुढे क्रशर आला. हातोडीची मजुरी गेली आणि धूळ तेवढी वस्तीच्या वाट्याला उरली. म्हणून वस्ती विरुद्ध वडार असे भांडण कंत्राटदाराला हवेच असते. ते आपण लागू देता कामा नये.

विरोध भावनेच्या बळावर टिकत नाही, त्याला पुरावा लागतो. कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी गावाचा नकाशा, फेरफार आणि गाव नमुना १-ई यांच्या नकला काढाव्यात. १-ई ही अतिक्रमणांची नोंदवही. आपल्या बापजाद्यांना तिने अतिक्रमक म्हटले हे खरे. परंतु अमुक साली अमुक माणूस या माळावर नांगर धरून उभा होता, याची सरकारने स्वतःच्या हाताने केलेली नोंदही तीच आहे. ज्या कागदाने आपणांस हुसकावले, त्याच कागदावर बोट ठेवून आता हरकत नोंदवावी लागेल.