जमिनीखालच्या स्फोटाची चाहूल

5 ऑगस्ट 1963 रोजी अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी मॉस्कोत अणुचाचणीबंदीच्या करारावर सह्या केल्या. हवेत, अंतराळात आणि पाण्याखाली स्फोट करायला मनाई झाली. जमिनीखाली मात्र मुभा राहिली. तिथला लहानसा स्फोट दूरवरून भूकंपापासून वेगळा ओळखता येईल का, हाच मोठा वादाचा मुद्दा होता.

त्याचं उत्तर शोधायला अमेरिकेने 1965 मध्ये मोंटाना राज्यात ‘लासा’ ही भूकंपमापकांची मांडणी उभारली. सुमारे 200 किलोमीटर व्यासाच्या माळरानावर 21 गट आणि प्रत्येक गटात 25, असे 525 भूकंपमापक. वाऱ्याची थरथर लागू नये म्हणून बहुतेक उपकरणं साठेक मीटर खोल बोअरमध्ये सोडलेली.

कझाकस्तानात सेमिपालातिन्स्कच्या सोव्हिएत चाचणीस्थळावर स्फोट झाला, की त्याची लाट पृथ्वीच्या पोटातून, जवळजवळ उत्तर ध्रुवाखालून, बारा-तेरा मिनिटांत मोंटानात पोहोचे. लासाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला तिला आणखी काही सेकंद लागत, आणि सगळी भिस्त या सेकंदांवरच होती. अमुक दिशेची लाट कुठल्या यंत्राला किती उशिरा भेटेल हे काढायचं, नोंदी तेवढ्या मागेपुढे सरकवायच्या आणि बेरीज घ्यायची. दिंडीतले सगळे टाळ एकाच मात्रेवर पडावेत तशी त्या दिशेची लाट बळावते. इतर दिशांची कंपनं विस्कटून क्षीण होतात.

क्षीण होतात, पण नाहीशी होत नाहीत. समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी अखंड थरथर ठरावीक दिशांनी येते, आणि त्याच वेळी दुसरीकडे मोठा भूकंप झाला तर त्याची लाट बेरजेत शिरतेच. एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेतल्या जॅक केपन यांनी ऑगस्ट 1969 मध्ये यावर मार्ग छापला. हव्या त्या दिशेची लाट जशीच्या तशी राहिली पाहिजे. ही अट पाळून बेरजेतली एकूण ऊर्जा कमीत कमी करायची. कोणत्या यंत्राला किती वजन द्यायचं हे मग आधी ठरवून ठेवावं लागत नाही. नोंदींचे परस्परसंबंधच ते सांगतात, आणि गोंगाट बदलला की वजनंही बदलतात. एवढ्या अफाट उभारणीपेक्षा ही एक अट जास्त मोलाची ठरली.

रडारवाले याच विचारापाशी दुसऱ्या वाटेने पोहोचले होते. शत्रूचा अडथळा आपोआप खोडणाऱ्या मंडलाचं पेटंट जनरल इलेक्ट्रिकच्या पॉल हॉवेल्स यांना 1965 मध्येच मिळालं; सिडनी ॲपलबॉम यांनी पुढच्या वर्षी त्यामागचं गणित मांडलं.

जमिनीखालचे स्फोट टिपण्यासाठी भारतातही 1965 मध्येच कर्नाटकात गौरीबिदनूरला, ट्रॉम्बेच्या अणुऊर्जा संस्थेने ब्रिटनच्या मदतीने काटकोनातल्या दोन भुजांवर भूकंपमापक मांडले.

लासा 1978 मध्ये बंद झाली. केपन यांची रीत मात्र सोनारमध्ये आणि मोबाइलच्या अँटेनांच्या अभ्यासातही रुजली. तिच्यात एक खोट आहे: दिशेचा अंदाज थोडा जरी चुकला, तरी ती खऱ्या संदेशालाच गोंगाट समजून पुसून टाकते. म्हणून अभियंते आकडेमोडीत मुद्दाम थोडा खोटा गोंगाट मिसळतात. त्यामुळे अडथळे थोडे कमी दबतात, पण संदेश हाती राहतो.